१९७५ची ‘स्वॅट’ मालिका : एवढ्या थोड्या काळात बंद पडूनही ती टिकली कशी?

शाहूपुरीकर :
नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या चित्रपट मंडळाने जुन्या पोलिसी मालिकांवर चर्चा ठेवली असून अमेरिकेतील ‘स्वॅट’वर (ओलीस, सशस्त्र हल्ले अशा प्रसंगी धाडल्या जाणाऱ्या विशेष पोलीस पथकावरील मालिका) बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अ‍ॅरन स्पेलिंग आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांची ही निर्मिती ‘द रूकीज’ या मालिकेतून पुढे आली, फेब्रुवारी १९७५मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि पडद्यावरील हिंसाचाराबद्दल टीका सोसत एप्रिल १९७६मध्ये संपलीही. तरी २००३मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०१७मध्ये सीबीएसवर सुरू झालेली नवी मालिका २०२५पर्यंत चालली. याचे श्रेय केवळ शीर्षकसंगीताला द्यावे काय?

तबकडीप्रेमी :
त्या संगीताला ‘केवळ’ म्हणू नये, अशी विनंती आहे. बॅरी डी व्होर्झन यांची ती धून ‘ऱ्हिदम हेरिटेज’ या वाद्यवृंदाने वाजवली आणि फेब्रुवारी १९७६मध्ये, म्हणजे मालिका अखेरच्या टप्प्यात असताना, ती बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. आधी ठेका धरला जातो, मग गिटार येते आणि त्यावर पितळी वाद्ये चढत जातात. पडद्यावर पथकातील माणसे रायफली उचलून व्हॅनकडे धावत असतात. पथकप्रमुख हॉंडो झालेले स्टीव्ह फॉरेस्ट आणि पथकातील स्ट्रीट झालेले रॉबर्ट युरिक यांची ओळख प्रेक्षकाला या धावपळीतच होते. कथानके विसरली गेली, पण ही धाव लक्षात राहिली.

बंदोबस्त :
मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. लॉस एंजेलिसमधील खरे पथक १९६७चे. सुरुवातीला प्रत्येकी चौघांच्या १५ तुकड्या होत्या आणि त्यांत लष्करी अनुभव असलेले पोलीस स्वेच्छेने आले होते. मे १९७४मध्ये सिंबायनीज लिबरेशन आर्मी या सशस्त्र गटाशी त्या शहरात झालेली चकमक दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यात आली. घर जळाले आणि आतील सहा जण मेले. त्यानंतर नऊ महिन्यांनी ही मालिका आली, हा क्रम आपल्या भाषणात अवश्य सांगावा, कारण प्रेक्षकाने पथक आधी बातमीत पाहिले आणि मग तेच दर आठवड्याला करमणूक म्हणून पाहिले.

अशा पथकाचा बहुतेक वेळ सरावात, घेराबंदीत, आतील माणसाशी बोलणी करण्यात आणि वाट पाहण्यात जातो. ओलीस सुखरूप सुटले आणि गोळी झाडावी लागली नाही, तर ती कारवाई उत्तम समजावी. मालिकेने मात्र दार फोडण्याचा क्षण निवडला, आणि तिच्या वारशातील हा भाग मला मनापासून खटकतो. पथक आणि कॅमेरा यांची ही जवळीक आपल्याकडेही महागात पडली आहे : २६/११च्या हल्ल्याचे जे थेट प्रक्षेपण झाले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात कडक ताशेरे ओढले होते. त्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे कमांडो पथक उभारले.

रंकाळाकाठ :
बंदोबस्त काकांचे म्हणणे पटते. परंतु नव्या मालिकेने ही उणीव ओळखली होती, याची नोंद व्हावी असे वाटते. तिच्या पहिल्याच भागात पथकप्रमुखाची गोळी एका निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला लागते, प्रमुख पदावरून जातो आणि त्या जागी हॉंडोची नेमणूक होते. हा हॉंडो (शेमार मूर) स्वतः कृष्णवर्णीय असून साउथ लॉस एंजेलिसमध्येच वाढलेला आहे, त्यामुळे वस्ती आणि वर्दी या दोन्हींना त्याला उत्तर द्यावे लागते. पुढे अनेक भाग पुन्हा धावपळ आणि गोळीबार यांकडेच झुकले, हे खरे. तरी गोळी कोणाला लागली हा प्रश्न इतक्या ठळकपणे सुरुवातीलाच मांडणे, ही मला मोठी सुधारणा वाटते.

शाहूपुरीकर :
सर्वांचे आभार. शीर्षकसंगीताने सुरुवात करून सभागृह जिंकण्याचा माझा विचार होता, तो आता बदलतो. आधी १९७४ची बातमी, मग १९७५चे शीर्षकसंगीत आणि त्यानंतर २०१७चा पहिला प्रसंग, असा क्रम ठेवीन. बंदोबस्त साहेब, घेराबंदी आणि बोलणी यांबद्दल आपण स्वतः येऊन दहा मिनिटे बोलाल का? कार्यक्रम दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात आहे.

बंदोबस्त :
अवश्य येतो. मात्र २६/११ची दृश्ये दाखवू नयेत. त्याविषयी मी तोंडी सांगेन.