मदत हवी आहे: सरकवून बसवायच्या ग्रिप्स हँडलवर घट्ट कशा बसवू?

मंडळी, माउंटन बाइकच्या स्क्रूने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिप्स काढून सिलिकॉन फोमच्या साध्या ग्रिप्स लावतोय. खडबडीत उतारावर तळहातांना बसणारे हादरे या फोमने बरेच कमी होतात, म्हणून मला याच हव्यात.

अडचण अशी की हँडलचा व्यास नेहमीचा २२.२ मिमी असला तरी ग्रिपचं भोक त्याहून जरा लहान असतं. तसं असायलाच हवं, त्या ताणावरच तर ती धरून राहते. पण कोरडी ग्रिप अर्ध्यात अडकते आणि जोर लावला की फोमला सुरकुत्या पडतात. साबणाच्या पाण्याने एक बाजू सहज सरकली, मात्र आतली ओल वाळता वाळत नाही. मूठ पिळली की ग्रिप ॲक्सिलरेटरसारखी गोल फिरते. उतारावर हे फार धोक्याचं आहे, म्हणून तोवर गाडी बाहेर काढत नाहीये. तेल किंवा ग्रीस लावायचा तर प्रश्नच नाही.

आता आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं म्हणतोय. ते लवकर उडून जातं आणि मागे काही उरत नाही. काही जण हेअरस्प्रे सुचवतात, वाळल्यावर तो चिकटून धरतो. पण पुढे ग्रिप न फाडता काढता येते का? आणि कॉम्प्रेसरची हवा मारून बसवायची असेल तर हँडलचं दुसरं टोक बंद करावं लागतं का? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.