प्रेस्टो के-८ : स्ट्रोबच्या रेघा ७८ ला स्थिर, तरी तबकडी दुसऱ्या प्लेअरवर चिरकी का वाजते?

काळी_एक

मशीन प्रेस्टो के-८, तबकडी कोरायचं, अमेरिकन, ११५ व्होल्ट ६० सायकल (हर्ट्झ). पुण्यात स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतोय. अॅम्प्लिफायरचे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेत. कोरणारं हेड मॅग्नेटिक, कॉइल शाबूत. लीडस्क्रू (हेड आडवं सरकवणारा आट्यांचा दांडा) इंचाला ११२ खाच-रेघांचा.

अडचणी दोन. पहिली : मशीनसोबत आलेला ९२ रेघांचा स्ट्रोब (वेग तपासायचा गोल कागद) निऑन टेस्टरच्या उजेडात धरला की ७८ वर (मिनिटाला फेरे) रेघा अगदी उभ्या राहतात. कोरलेली तबकडी याच मशीनवर बरोबर वाजते. तीच दुसऱ्या प्लेअरवर ७८ ला लावली की गाणारा घाईत आणि आवाज चिरका. काळी एकचा तानपुरा पांढरी तीनवर जातो.

दुसरी : खाच करडी दिसते, खरखर प्रचंड, आणि खाचेतून निघणारा कीस सुईखाली येऊन अडकतो. सुई सफायरची, नवी. तबकड्या जुन्या साठ्यातल्या, न वापरलेल्या.

पितळी_बुश

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या तानपुऱ्यानेच दिलंय. काळी एक ते पांढरी तीन म्हणजे सा ते कोमल ग, गुणोत्तर ६:५. ६० सायकल भागिले ५० सायकल, तेच.

स्टेपडाउनने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. मोटर ५० सायकलवर पाच षष्ठांश वेगानेच फिरणार, म्हणजे तबकडी ७८ ऐवजी ६५ ला. आणि स्ट्रोब फसवतोय, कारण ९२ रेघांचा कागद ६० सायकलच्या उजेडासाठी असतो (७२०० ÷ ९२ = ७८.२६). आपल्याकडे निऑन सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे तोच कागद ६५.२ ला उभा दिसतो. मोटर आणि मोजपट्टी एकाच प्रमाणात चुकलेली. ५० सायकलला ७८ साठी ७७ रेघांचा आणि ३३⅓ साठी १८० रेघांचा कागद लागतो. खात्री हवी तर काठाला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि एक मिनिट फेरे मोजा. ६५ भरतील.

इलाज दोन.

एक, मोटरच्या पुलीवर पितळी बुश, म्हणजे वर चढवायची नळी. बाहेरचा व्यास मूळ पुलीच्या १.२ पट : १० मिमीची पुली असेल तर १२, म्हणजे भिंत फक्त १ मिमी. दोन्ही वेगांचे टप्पे वेगळे मोजून वेगळे करायचे. लेथवाल्याला सांगा की बुश आधी पुलीवर बसव आणि शेवटचा हात मग मार; डायल गेज लावल्यावर काटा दोन शतांश मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. वाकडा बुश बसला तर सूर डोलणार नाही, पण घुरघुर खाचेत कोरली जाईल आणि ती नंतर काढता येत नाही. पुली जाड झाल्यावर पुली आणि तबकडीच्या मधल्या रबरी चाकाला मागे सरकायला जागा उरते का तेही बघून ठेवा. बुशवर चालवणार असाल तर मोटरला ११५ नको. ५० सायकलवर ती जास्त करंट ओढून तापते. ९६ च्या आसपास द्या, १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चालेल.

दोन, मोटरपुरते खरे ६० सायकल तयार करणं. मला हेच आवडतं, मूळ मशीनला हात लागत नाही. मोबाईलवर ६० हर्ट्झचा शुद्ध साइन टोन, तो मोटरच्या वॅटेजच्या किमान दुप्पट ताकदीच्या अॅम्प्लिफायरला, आणि पुढे उलटा जोडलेला ११५/१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर : अॅम्प १२ च्या बाजूला, मोटर ११५ च्या. मध्ये फ्यूज हवाच. ११५ व्होल्टही जिवावर बेततो, तेव्हा टर्मिनलं झाका. स्वस्त यूपीएस वापरू नका. त्याची चौकोनी लाट मोटरला गुणगुणायला लावते आणि ते गुणगुणणं तबकडीत उतरतं.

कीस_आणि_सुई

दुसऱ्या अडचणीत पहिला संशय तबकडीवर.

तबकडीवरचा थर लॅकरचा. हे लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, मऊपणासाठी त्यात एरंडेल. प्रेस्टोने १९३४ मध्ये अॅल्युमिनियमवर ते चढवून विकायला काढलं. इतक्या वर्षांत मऊपणा उडून जातो. परीक्षा सोपी : गाणं न देता कोरी खाच काढा आणि कीस बोटाभोवती गुंडाळा. ताज्या लॅकरचा कीस काळ्या केसासारखा लांब आणि लवचिक असतो. तुमचा तुटून भुगा होत असेल तर सुईला दोष देऊ नका. वर पांढरा तुपकट थर असेल तर तो एरंडेलाच्या विघटनातून आलेलं पामिटिक आम्ल. स्पिरिटने पुसायला जाऊ नका, लॅकरच विरघळेल.

तबकडी ठीक निघाली तर सुईकडे या. विजेरी तिरपी धरून खाचेच्या दोन्ही भिंती बघा. एकच भिंत करडी असेल तर सुई दांड्यात फिरलेली आहे, तिचा सपाट चेहरा खाचेला काटकोनात नाही. दोन्ही करड्या असतील तर उभा कोन बघा. ९० अंशांपासून सुरुवात, मग अंशाअंशाने पुढेमागे करत प्रत्येक वेळी पाच-सहा फेऱ्या कोऱ्या कोरा आणि ऐका. खरखर सगळ्यात कमी जिथे, तो कोन. सुई किंचाळत असेल तर ती टोक पुढे काढून रुततेय.

खोली : ११२ रेघांना एका रेघेची जागा ०.२२७ मिमी. त्यातली ६० टक्के खाच, ४० टक्के मधली भिंत, म्हणजे खाच साधारण ०.१३५ मिमी रुंद आणि ०.०६ खोल. पन्नासपट सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसतं. खोल गेलात आणि सुई अॅल्युमिनियमला टेकली, तर सफायरची धार त्याच क्षणी गेली.

कीस अडकतो कारण तो मध्याकडे ओढला जातो, आणि बाहेरून आत कोरताना मध्य म्हणजे सुईच्या पुढची वाट. रेडिओवाले बऱ्याच तबकड्या आतून बाहेर कोरत, ते यासाठीच. तुम्ही मऊ ब्रश हातात ठेवा आणि कीस सतत मध्यावरच्या स्पिंडलभोवती गोळा करत राहा. कीस झटक्यात पेट घेतो. जवळ विडी-काडी नको, आणि काम झालं की पाण्याच्या डब्यात टाका.

काळी_एक

दोघांचे आभार. फेरे ६५ च भरले! कीस तुटतोय, म्हणजे तबकड्या गेल्या. ताज्या आणाव्यात की पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या चालतील? हेडची रबरं बदलावी लागतील का?

कीस_आणि_सुई

ताजं लॅकर महाग झालंय. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलोचा लॅकर तबकड्यांचा कारखाना जळाला, तेव्हापासून मोठा भार जपानी कारखान्यावर. सरावाला पॉलिकार्बोनेट घ्या, पण तुमची सफायर त्यावर लावू नका. तिथे हिऱ्याची दाबणारी सुई लागते. ती खाच काढत नाही, दाबून बसवते, म्हणून कीसही नाही. वजन जास्त द्यावं लागतं, वरचे सूर बोथट होतात आणि खरखर थोडी राहतेच. बोलणं, हार्मोनियम ठीक. सतारीची जवारी त्यात शोधू नका.

हेडचं रबर नखाने दाबून बघा. दगड झालं असेल तर बदला, नाहीतर ठरावीक सुरांवर आवाज एकदम फुगतो. आणि ७० हर्ट्झखालचं सगळं आधीच कापून द्या. डग्ग्याच्या एका घुमेने सुई शेजारच्या खाचेत घुसते.

पितळी_बुश

एक राहिलं. ६० सायकलचं सर्किट केलंत तर वेग पुन्हा तपासताना गोंधळ होईल. निऑन घरच्या विजेवर असेल तर ७७ चा कागद, आणि सर्किटच्या ११५ च्या तारेवर असेल तर जुना ९२ चा. दुसऱ्या प्रकारात मोबाईलवरचा टोन ५८ झाला तरी रेघा उभ्याच दिसतील, म्हणून टेस्टर घरच्या विजेवरच ठेवा. शिवाय खोलीतले एलईडी बंद करा, रेघा पुसट होतात.