कुडाच्या घराचा भार भिंतीवर नसतोच

गवताचं छप्पर दोन पावसाळ्यांत गळतंच आणि मातीच्या भिंतीचा भरवसा नाही, असं कुडाच्या घरांबद्दल म्हटलं जातं. पहिलं काही अंशी खरं, दुसरं अजिबात पटलं नाही.

वर्धा जिल्ह्यातलं आमच्या आजोबांचं घर सागाच्या खांबांवर उभं होतं. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, आणि त्यावरून उतरणारे वासे सगळा भार खांबांवर टाकतात. मधला कूड, म्हणजे बांबूच्या कमच्या विणून वर शेणमातीचा लेप, हा फक्त आडोसा. एखादा कोपरा पावसात विरघळला तरी छप्पर हलत नाही. तेवढाच भाग पुन्हा लिंपायचा.

गळतीचं म्हणाल तर आधी उतार बघा. गवत पाणी अडवत नाही, एका काडीवरून दुसरीवर खाली उतरवतं. पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, पसरट असलं की पाणी रेंगाळतं, झिरपतं, गवत कुजतं. उतार ४५ अंशांच्या आसपास हवा आणि वळचण, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीपासून चांगली पुढे. चुलीचा धूरही कामाचा, त्यानं गवत कोरडं राहतं, कीड कमी लागते. गॅस आला तेव्हापासून छप्पर लवकर कुजायला लागलं, असं आजी सांगायची.

सेवाग्रामची बापूकुटी याच नजरेनं पाहा. गांधीजी १९३६ साली तिथं आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. ही कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली. वर गवत नाही, कवेलू, म्हणजे मातीची कौलं आहेत; पण माती, बांबू, लाकूड तेच. भर मे महिन्यात दुपारी आत बसून बघा, आणि बाहेर आल्यावर ओसरी भिंतीपासून किती पुढे आलीय ते नक्की मोजा.