मदत हवी आहे: नीसला राहावं की आंतीबला? (सोबत आई आणि दोन मुलं)

पुढच्या मे महिन्यात आम्ही पाच जण दक्षिण फ्रान्सला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ आणि माझी आई. आई ७१ ची, गुडघे कुरकुरतात, शिवाय पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. व्हिसा-विमानाचं विचारत नाहीये, गाडी अडलीय ती राहण्याच्या जागेवर.

नवऱ्याने नीसमधलं एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. विमानतळावरून थेट ट्रॅम, समुद्र पाच मिनिटांवर. परवा मी फोटो मोठे करून बघितले तर किनाऱ्यावर वाळूच नाही, नुसते गोटे! आमच्या मुलांचा समुद्र म्हणजे दिवेआगर. फावडी-बादल्या आत्ताच काढून ठेवल्यात. त्यात कळलं की नीसला पाणी चार पावलांतच खोल होतं. मुलगा पोहतो, पण टँकमध्ये.

म्हणून मी आंतीब म्हणतेय. तिथे वाळू आहे. नवऱ्याचं म्हणणं, गाव छोटं, आई संध्याकाळी काय करणार? नीसला निदान समुद्राकाठचा लांबलचक सपाट रस्ता आहे, बसायला त्या निळ्या खुर्च्या आहेत.

कोणी लहान मुलं आणि म्हातारं माणूस दोन्ही घेऊन गेलं आहे का? आणि आईच्या खाण्याचं काय? पाच दिवस ब्रेड-जॅमवर काढायची तिची तयारी आहे, माझी नाही. (भरतीच्या वेळा कुठे बघायच्या, हा प्रश्न तिचा.)

प्रतिसाद १
आईंना सांगा, भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच. कोकणातल्यासारखं पाणी मागे गेलं, मग शिंपले वेचले, असं काही होत नाही.

आम्ही नीसला राहिलो आणि वाळूसाठी रोज लोकलसारखी ट्रेन पकडली. व्हिलफ्रांश दहा मिनिटांच्या आत येतं, स्टेशन किनाऱ्याच्या अगदी डोक्यावर. खाडी आत वळलेली असल्याने पाणी शांत. आंतीबही ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. तिथला ग्राव्हेत किनारा जुन्या तटबंदीला लागून आहे, उथळ, ६ वर्षांच्या मुलाला उत्तम. नीसच्या गोट्यांवर जायचंच तर रबरी बूट घ्या, अनवाणी दोन पावलंही टाकवत नाहीत. जुन्या गडाच्या टेकडीवर जायला लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको.

तारखा मात्र जपून. मेच्या मध्यापासून कानचा चित्रपट महोत्सव; मोनॅकोची मोटार शर्यतही २०२५ पर्यंत मेच्या शेवटी असायची, २०२६ पासून ती जूनच्या सुरुवातीला गेलीय. दोन्ही गावं याच रेल्वेवर. भाडी बघून घेरी येईल.

प्रतिसाद २
खाण्याचं मी सांगते. नीसला सोक्का मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, वरून मिरपूड. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपलं धिरडंच, फक्त कांदा-कोथिंबीर विसरलेत." गरमच खा, गार झाला की चामडं.

फसायचं नाही ते पिसालादियेरला. दिसायला कांद्याचा पिझ्झा, पण त्यात अँकोव्ही म्हणजे खारवलेले बारके मासे असतात. नीसच्या सॅलडमध्येही तेच, वर बहुधा ट्यूना. घर स्वयंपाकघरासकट घ्या आणि कूर सालेयाच्या बाजारातून भाजी आणा. सोमवारी तिथे भाजीऐवजी जुन्या वस्तू मांडतात.

आणि मेमध्ये पाणी गार असतं हं. आमची मुलं घोट्यापर्यंत गेली आणि किंचाळत परत आली.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार! नवऱ्याला प्रतिसाद १ वाचून दाखवला, तो आता उगाच जिंकल्यासारखा हसतोय. नीसच घेतो, मेचा पहिला आठवडा. आई सोक्क्यासाठी हिरव्या मिरचीचा ठेचा नेणार आहे.

एकच राहिलं: आंतीब स्टेशनवरून ग्राव्हेतपर्यंत आईला चालवेल का, की टॅक्सीच करावी?