जेल कँडलमधे बुडबुडे राहतात, काय करू?

काल ग्लासात जेल ओतलं, वातीभोवती आणि शिंपल्यांखाली नुसते बुडबुडे, सगळी शोभाच गेली. कसे टाळायचे?

» ढवळताना घाई केलीस का? जेल गार असलं की घट्ट असतं, हवा वर येतच नाही, म्हणून मंद आचेवर साधारण ९० अंशांपर्यंत नेऊन थोडं थांबायचं, मग कोमट केलेला ग्लास तिरका धरून कडेने बारीक धारेने ओतायचं.

» +१, आणि वात आधी वितळलेल्या जेलमधे बुडवून ठेव, तिच्यातून बारीक बुडबुडे येताना दिसतात, ते थांबले की काढ. शिंपल्यांचंही तेच, पोकळीत हवा अडकते. थर्मामीटर मात्र हवाच, जास्त तापलं तर पेट घेऊ शकतं!

» झालेली कँडल फेकू नकोस गं, परत वितळवता येते.