मामांच्या शिल्लक रजा

(सिंहगड रोडवरची एक सोसायटी, ९६ फ्लॅट, सभासदांचा ग्रुप. शनिवार सकाळ)

ए ५०४: नमस्कार मंडळी, इथे कोणीतरी एचआरमधलं आहे ना? मुलाने हिंजवडीची नोकरी सोडली, शुक्रवारी शेवटचा दिवस झाला, ३८ पीएल, म्हणजे हक्काच्या पगारी रजा, शिल्लक आहेत त्याच्या. कंपनी म्हणते फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, ४५ दिवसांनी होईल आणि रजेचे पैसे फक्त बेसिकवर. बेसिक (मूळ पगार) ४२ हजार, भत्ते धरून ग्रॉस एक लाख पाच हजार. असं असतं का हो?

सी १०१: असतं वहिनी, बहुतेक ठिकाणी बेसिकवरच देतात. ४२ हजार भागिले ३० म्हणजे दिवसाला १४००, ३८ दिवसांचे ५३,२००. ग्रॉसवर धरले असते तर १,३३,००० झाले असते. त्याला लीव्ह पॉलिसी उघडून बघायला सांगा, निम्मं तिथेच ठरलेलं असतं

ए ५०४: बापरे, निम्म्याहून कमी की

सी १०१: हो, पण ४५ दिवस थांबायचं काही कारण नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीये, राजीनामा दिला तरी राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असं त्यात स्पष्ट आहे. कंपन्या जुन्याच टेम्प्लेटने मेल पाठवत बसतात. एक नम्र मेल करायला सांगा

बी ७०२: नम्र कशाला? मुंबई हायकोर्टाचा २०२४चा निकालच आहे, विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्यांचा. राजीनामा दिला म्हणून बँकेने रजेचे पैसे नाकारले होते. कोर्ट म्हणालं कमावलेल्या रजेचा पैसा हा पगारासारखाच, ती माणसाची मालमत्ता आहे, कायद्याचा आधार नसताना काढून घेता येत नाही, घटनेचं कलम ३००अ. मेलमध्ये हे टाका आणि गंमत बघा

ए ५०४: वकीलसाहेब खूप आभार 🙏

बी १०३ (आजोबा): आमच्या वेळी अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठायची, रिटायर झालो तेव्हा सगळ्याचं रोखीकरण झालं, टॅक्स शून्य. त्यातूनच गच्चीवरची शेड घातली. तुमची ती प्रायव्हेटवाली भानगड वेगळी असते वाटतं

डी ६०२: वेगळीच आजोबा, आणि आमच्या वाईट नशिबाची. मी २०१९ ला रिटायर झालो तेव्हा प्रायव्हेटवाल्यांना ३ लाखांपर्यंतच सूट होती, २००२ पासून तोच आकडा चालू होता, वरच्या पैशावर टॅक्स कापून घेतला. मग २०२३ च्या बजेटमध्ये २५ लाख केली. चार वर्षं आधी केली असती तर काय बिघडलं असतं

सी १०१: काका ते २५ लाख आयुष्यभराचे मिळून असतात बरं का, प्रत्येक नोकरीला नवे नाहीत. ए ५०४ वहिनी, मुलाला या वेळच्या हिशोबाचं पत्रक जपून ठेवायला सांगा. आणि नोकरीत असताना मधेच रजा विकली तर सूट नाही, पूर्ण टॅक्स लागतो

एफ २०१: शुभ सकाळ 🌸 आज कचऱ्याची गाडी आली नाही का

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर मीही लिहितो, सोमवारी लिहिणार होतो. आपले मामा ३१ तारखेला सोडतायत. पंप, लाइट, ड्रेनेज, सगळं १४ वर्षं त्यांनीच बघितलं. आता गावी पाटणला जायचं म्हणतात. ते कॉन्ट्रॅक्टरचे नाहीत, सोसायटीच्या पगारावर आहेत, १६,५००. २०१२ च्या कमिटीच्या मिनिट्समध्ये वर्षाला १५ पगारी रजा असं लिहिलंय आणि त्यांनी त्या फारशा घेतल्याच नाहीत. शिल्लक रजेचे पैसे द्यायचे का, कसे, हे ठरवायला पाहिजे

डी ६०२: द्यायचेच की

बी ७०२: इमोशनल बाजू क्षणभर बाजूला ठेवू. आपण सोसायटी आहोत, कंपनी नाही. सोसायटी ही कामगार कायद्याच्या अर्थाने इंडस्ट्री नाही असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये दिल्लीच्या एका सोसायटीच्या केसमध्ये म्हटलेलं आहे. दुकाने आणि आस्थापना कायदा लहान आस्थापनांना तसाही लागत नाही, आपली माणसं मोजून चार. म्हणजे कायद्याने बंधन नाही. आज मामांना दिले तर उद्या स्वीपर मावशी मागतील, परवा वॉचमन मागतील

ए ५०४: दादा तुमचाच ११.१२ चा मेसेज कोट करते: "कमावलेल्या रजेचा पैसा हा पगारासारखाच, ती माणसाची मालमत्ता आहे"

बी ७०२: तो बँकेच्या संदर्भात होता

ए ५०४: हो, आणि माझ्या मुलाच्या 🙂

बी १०३ (आजोबा): मावशींनी मागितले तर मावशींनाही द्या की, त्यात घाबरण्यासारखं काय आहे

खजिनदार: किती होतात ते तर आधी बघा. काल रात्री सेक्रेटरी आणि मी हजेरीची पुस्तकं काढून बसलो होतो, नऊ पुस्तकं, त्यातलं एक वाळवीने खाल्लंय. लाल पेनने खाडे लिहिलेत ते मोजले. १२७ रजा शिल्लक निघाल्या

बी ७०२: १२७!! अहो रजा मार्चला लॅप्स होतात

डी ६०२: लॅप्स होतात असं मामांना कोणी कधी सांगितलं होतं का? मिनिट्समध्ये आहे का तसं?

सेक्रेटरी: नाही. लॅप्सचं एक अक्षर नाही

सी १०१: कायदा लागू नसला तरी माप म्हणून वापरू या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की वीस दिवसांना एक रजा मिळते, आणि साठते ४५ पर्यंत. तर ४५ दिवस धरा, कोणाचीच तक्रार राहणार नाही

खजिनदार: १६,५०० भागिले ३० म्हणजे ५५०, गुणिले ४५, २४,७५०

डी ६०२: २६ ने भागा. रविवार पगारात मोजून परत भागाकारातही घ्यायचा हे बरोबर नाही. ग्रॅच्युइटीला पण २६ च असतो

खजिनदार: मग २८,५५८ होतात

जी ४०४: म्हणजे वाद ३,८०८ रुपयांचा आहे, फ्लॅटमागे ४० रुपये, दोन वडापाव. आणि त्यासाठी दीड तास मेसेज चाललेत, माझा फोन गरम झाला

सेक्रेटरी: एक गोष्ट सांगतो, मला काल पुस्तकात दिसली. २५ जुलै २०२४, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत बोटी आणाव्या लागल्या तो दिवस. पुस्तकात मामांच्या नावापुढे २५ ते २८ "रजा, भातलावणी" असं आधीच लिहिलेलं होतं. त्याच्यावर काट मारून चारही दिवस "हजर" केलंय, अक्षर माझंच आहे. पंपरूममध्ये कमरेएवढं पाणी होतं तेव्हा मीच त्यांना एसटी स्टँडवरून परत बोलावलं होतं. विसरूनच गेलो होतो मी

सी १०१: हे महत्त्वाचं आहे, कारण त्याच दुकाने कायद्यात असंही आहे की पंधरा दिवस आधी रजा मागून मालकाने नाकारली तर ४५ च्या वरच्या रजाही रोखीने मागता येतात. नाकारलेल्या किती होत्या ते कुठे लिहिलंय का?

सेक्रेटरी: आपल्याकडे नाही. पण मामांकडे आहे. मघाशी खाली जाऊन विचारलं तर त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, ती खतवाले दुकानदार देतात तसली. म्हणाले, "साहेब तुमचे १२७ झाले, माझे १३१, चार तुम्ही कमी धरले." वाळवीच्या पुस्तकातलेच असणार ते. आणि काही तारखांपुढे बारीक अक्षरात "मागितली, नाही म्हणाले" असं लिहिलंय, पुढे कारण पण. मोजल्या, अशा २२ आहेत. फोटो टाकतोय

(फोटो)

जी ४०४: कसलं नीट ठेवलंय

बी १०३ (आजोबा): अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे

खजिनदार: ४५ आणि २२ म्हणजे ६७ झाले. ३० ने ३६,८५०, फ्लॅटमागे ३८४. २६ ने केलं तर ४२,५१९. दुरुस्ती फंडाला हात लावायचा नाही, मेंटेनन्सच्या शिल्लकीतून निघतील

चेअरमन: प्रवासात होतो, आत्ता सगळं वाचलं. रविवारी सकाळी कमिटी बसू. चेक मामांच्या हातात ३१ ला पडला पाहिजे, नंतर गावी पाठवतो वगैरे नको, तसं कधीच होत नाही

बी ७०२: माझी हरकत रकमेला नव्हती, पद्धतीला होती. ठराव नीट लिहा, "पायंडा मानू नये" हे वाक्य घाला, मग माझं काही म्हणणं नाही. ड्राफ्ट मी करून देतो

डी ६०२: आणि २६ ने

बी ७०२: बरं बरं, २६ ने

ए ५०४: फोटोतली खालून तिसरी ओळ कोणी वाचली का? "१४ मे, भाचीचं लग्न, मागितली, नाही म्हणाले, ए ५०४ गळती"

ए ५०४: ती आमच्या बाथरूमची. पाहुणे आले होते घरात म्हणून मीच सेक्रेटरींना म्हटलं होतं की मामांना आज कुठे सोडू नका

ए ५०४: रविवारी किती वाजता आहे मीटिंग? मी येतेय

सेक्रेटरी: १० ला. ऑफिसमध्ये खुर्च्या सहाच आहेत, येताना आपापली घेऊन या