जे. टी. ब्राउनला संघातून काढलं ते खेळामुळे की मुठीमुळे?

सेंटपॉलकर

परवा सिअ‍ॅटल क्रॅकनचा आइस हॉकीचा सामना लावला होता. समालोचनाला जे. टी. ब्राउन. माझा मुलगा (वय १५, गोली म्हणजे गोलरक्षक) म्हणाला, "बाबा, याला खेळातलं इतकं कळतं, मग टँपाने याला का सोडलं?" दोन वाक्यांत सांगायला गेलो आणि अडकलो. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्राउन कृष्णवर्णीय, आमच्या मिनेसोटात वाढलेला. डुलुथच्या विद्यापीठाने २०११ साली पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून यालाच निवडलं होतं. पुढे तो टँपा बे लाइटनिंगकडून खेळला. ७ ऑक्टोबर २०१७ ला फ्लोरिडा पँथर्सविरुद्धच्या सामन्याआधी राष्ट्रगीत चालू असताना त्याने मूठ उंचावली. पोलिसांकडून कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. नियमित हंगामात असं करणारा एनएचएलमधला (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत वरची लीग) तो पहिला. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. नंतर तो टँपाच्या पोलिसांच्या गाडीतून त्यांच्याबरोबर फिरलासुद्धा, त्यांची बाजू समजून घ्यायला. जानेवारी २०१८ मध्ये संघाने त्याला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे ज्याला हवा त्या संघाने मोबदला न देता न्यावा. अनाहाइमने नेला.

मुठीमुळेच काढलं असं मी म्हणत नाही, कारण ते मला दाखवता येणार नाही. मला टोचतं ते वेगळंच. चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी वेळ खेळवल्या जाणाऱ्या फळीतल्या खेळाडूला बाकावर बसवायचं तर प्रशिक्षकाला कारण कधीच कमी पडत नाही. पास चुकला, वेग कमी पडला, आज समोरचा संघ अंगाने भारी आहे. प्रत्येक कारण खरं असू शकतं. पोलिसाचंही तसंच. गाडी थांबवायची तर मागचा दिवा आहे, पट्टा आहे, लेन बदलणं आहे.

फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय चालकाला ६ जुलै २०१६ ला फाल्कन हाइट्समध्ये लार्पेंटर अ‍ॅव्हेन्यूवर थांबवलं. तो रस्ता माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा. सांगितलेलं कारण ब्रेकचा दिवा. पण वायरलेसवर पोलीस आधीच बोलला होता की हा दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, नाक रुंद आहे. त्याआधीच्या तेरा-चौदा वर्षांत कॅस्टिलला चाळीसहून जास्त वेळा थांबवलं गेलं होतं. शाळेच्या जेवणघरात काम करणारा माणूस. त्याला गोळ्या घालणारा पोलीस जून २०१७ मध्ये निर्दोष सुटला. चाळीस वेळांपैकी एकेक वेळ वेगळी काढली, तर प्रत्येकीला काहीतरी कारण सापडेल. चाळीस एकत्र ठेवल्या की मग दिसतं.

टँपाचा मंदार

दादा, कॅस्टिलबद्दल वाद नाही. पण हॉकीची त्याच्याशी मोट बांधू नका.

मी लाइटनिंगचे सामने बारा वर्षं बघतोय. २०१७-१८ चा तो संघ ११३ गुणांनी पूर्व विभागात पहिला आला होता. यानी गूर्ड नावाचा बुटका, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणीही न घेतलेला पोरगा त्या वर्षी पुढे आला आणि त्याने २५ गोल केले. ब्रेडन पॉइंट वर चढत होता. आदल्या हंगामात ब्राउनचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याची जागा आधीच डळमळीत होती. तेवीस जणांचा चमू, त्यातले वीस बर्फावर उतरणार, वर पगाराची मर्यादा. तुम्ही प्रशिक्षक जॉन कूपरच्या जागी असता तर कुणाला बसवलं असतं, ते नाव घेऊन सांगा.

रस्त्यावर पोलिसाला विचारणारं तिथे कुणी नसतं. रिंकवर वीस हजार लोक, पाच कॅमेरे आणि प्रत्येक सेकंदाचा हिशोब असतो. चुकीचा माणूस बसवला तर सामना जातो आणि प्रशिक्षकाची नोकरी जाते. पक्षपात असेल तर त्याची किंमत त्याला लगेच मोजावी लागते.

नीलिमा, टोरांटो

अरे मंदार, लगेच किंमत मोजावी लागते म्हणतोस, मग कृष्णवर्णीय हर्ब कार्नेगी आयुष्यभर एनएचएलच्या बाहेर का राहिला? टोरांटोचाच होता. ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं ते त्याला त्या काळातल्या उत्तम सेंटरमध्ये (मधल्या आक्रमकांमध्ये) धरायचे. जिंकण्याची हाव सगळ्यांनाच होती, तरी त्याला कुणी घेतलं नाही. १८ जानेवारी १९५८ ला विली ओरी माँट्रियालमध्ये बोस्टन ब्रुइन्सकडून उतरला, लीगमधला पहिला कृष्णवर्णीय, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. कार्नेगीला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २०२२ मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

आणि पी. के. सुबान? तोही कृष्णवर्णीय. २०१३ चा नॉरिस चषक, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. पुढच्याच वर्षी कॅनडाने सोची ऑलिंपिकला त्याला नेलं आणि खेळवला एकच सामना, ऑस्ट्रियाविरुद्ध. २०१६ च्या विश्वचषकाला तर नावच नाही. त्याच्याबद्दल कायम कानावर काय यायचं? फार उड्या मारतो, फार हसतो, संघापेक्षा स्वतःकडे बघतो. आमच्या ऑफिसात गोरे सहकारी हे बोलायचे, तेव्हा मला हसू की रागावू कळायचं नाही, कारण हेच शब्द मी माझ्या भाच्याच्या शिक्षकाच्या तोंडूनही ऐकले होते.

टँपाचा मंदार

नीलिमाताई, कार्नेगीचं मान्य. तो उघड अन्याय होता, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही.

सुबानचं मात्र मान्य नाही. सोचीच्या संघात आठ बचावपटू होते. चार उजव्या हाताचे: डाउटी, वेबर, पिएत्रांजेलो, सुबान. चार डाव्या हाताचे. प्रशिक्षकाला डावा-उजवा अशाच जोड्या हव्या होत्या, त्यामुळे उजवीकडे तीनच जागा. कॅनडाने सहा सामन्यांत मिळून तीन गोल खाल्ले आणि सुवर्ण आणलं. अशा बचावात तुम्ही कुणाला काढणार? आणि २०१६ ला क्रिस लेटांगलाही घेतलं नाही, त्याने त्याच वर्षी स्टॅनली कप जिंकला. तो गोरा आहे. त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

वसुधाकाकू

मला हॉकीतलं फार कळत नाही, नातवामुळे जेवढं कानावर पडतं तेवढंच. पण पोलिसांबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

माझा धाकटा मुलगा इथेच पोलिसात आहे. कुठे ते सांगत नाही. आपल्या लोकांना वाटतं मराठी मुलगा म्हणजे सॉफ्टवेअर नाहीतर डॉक्टर. तो रात्रपाळीला जातो तेव्हा मी जागी असते. काळ्या काचांच्या गाडीकडे मागून चालत जायचं, आतला माणूस हात कुठे घालतोय ते दिसत नाही. त्याच्या बरोबरीचा एक जण अशाच एका गाडीपाशी जखमी झाला. तुम्ही सगळे पोलिसांना एका काठीने हाकलता, ते मला लागतं.

आणि आकडे तुमच्याच बाजूचे आहेत असं समजू नका. हार्वर्डचे रोलंड फ्रायर, स्वतः कृष्णवर्णीय. २०१६ मध्ये त्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांना गोळीबारात वर्णामुळे फरक पडलेला दिसला नाही. त्यांना स्वतःलाही याचं आश्चर्य वाटलं होतं.

नीलिमा, टोरांटो

काकू, तुमच्या काळजीपुढे मी हात जोडते. पण फ्रायर यांच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. हात टाकणं, भिंतीला लावणं, बेड्या घालणं यात त्यांनाही कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मोठा फरक दिसला होता. आणि आमच्याकडचं चित्र तर गोळीबारातही वेगळं आहे. ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये टोरांटोच्या पोलिसांवर अहवाल दिला. २०१३ ते २०१७ या काळात पोलिसांच्या गोळीने मरण्याची शक्यता कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत गोऱ्यापेक्षा जवळपास २० पट. जून २०२२ मध्ये इथल्या पोलीसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

सेंटपॉलकर

वसुधाकाकू, सगळ्या पोलिसांना एका काठीने हाकायचं माझ्या मनात नाही. तुमचा मुलगा गाडीपाशी जाताना काय बघतो, ते मला खरंच ऐकायचं आहे.

कोण बघतंय आणि त्याला काय दिसतंय, हे मोजायची एक पद्धत मला फार पटली. स्टॅनफर्डच्या लोकांनी अमेरिकेतल्या जवळपास दहा कोटी वाहतूक-तपासण्यांची नोंद गोळा केली, २०२० मध्ये अभ्यास छापून आला. त्यांनी संध्याकाळची तीच वेळ धरली, समजा सात. उन्हाळ्यात सातला उजेड, हिवाळ्यात मिट्ट काळोख. रस्ता तोच, घड्याळ तेच. अंधार असला की थांबवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय चालकांचं प्रमाण कमी होतं. चेहरा दिसत नाही तेव्हा दिवा, पट्टा आणि वेग यांच्यावरच निर्णय होतो. मंदार, प्रशिक्षकाला असा अंधार कधी मिळत नाही. चेहरा न बघता फळी ठरवली असती तर कोण खेळलं असतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. लेटांगचा मुद्दा बरोबर आहे, मला तो आठवला नव्हता. सुबानचं उदाहरण मी स्वतः घेतलं नसतं.

पुण्याचा हॉकीप्रेमी

आम्ही हॉकी म्हणतो ती गवतावरची, पण राहवत नाही म्हणून लिहितो. टोकियोत ४ ऑगस्ट २०२१ ला आपल्या मुली अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरल्या. वंदना कटारियाने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते, ऑलिंपिकमध्ये असं करणारी पहिली भारतीय महिला. हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडले आणि घरच्यांनी तक्रारीत सांगितलं की संघात दलित फार झाले म्हणून हरले, असं ओरडत होते. ज्याला संघनिवड आणि जात वेगळ्या वाटतात त्याने हे आठवावं.

आणि पोलिसांचं म्हणाल तर नगर-बीडकडे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जीप जाते. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, तो गेला १९५२ ला. जीप अजून जाते.

टँपाचा मंदार

मग मिनेसोटाच्या मॅट डंबाचं काय? १ ऑगस्ट २०२० ला एडमंटनमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर तो मधोमध उभा राहून वर्णद्वेषाविरुद्ध बोलला, अमेरिकेच्या राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसला. मिनेसोटाने त्याला काढलं नाही. २०२१ मध्ये सिअ‍ॅटलसाठी विस्तार-ड्राफ्ट झाला (नव्या संघाने इतर संघांतून खेळाडू उचलायचे) तेव्हा संघाने त्याचं नाव राखून ठेवलं. २०२३ पर्यंत तो तिथेच खेळला. लीगने त्याला नेतृत्व आणि समाजकार्यासाठीचा किंग क्लॅन्सी चषकही दिला. बोललं की जागा जाते, हा नियम असता तर तो तेव्हाच गेला असता.

इरावती

मंदारदादा, डंबा पहिल्या दोन जोड्यांतला बचावपटू. असा माणूस सहज मिळत नाही. ब्राउन चौथ्या फळीतला, त्याच्यासारखे पंचवीस जण खालच्या लीगमध्ये रांगेत. तुमच्याच पहिल्या उत्तरात होतं ना, त्याची जागा आधीच डळमळीत होती? मग बोलण्याची किंमत दोघांना सारखी कशी? २०१७ मध्ये ब्राउन लीगमध्ये एकटा होता. २०२० मध्ये डार्नेल नर्स आणि माल्कम सुबान हे दुसऱ्या संघांतले खेळाडू डंबाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि महिनाअखेरीला पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीयावर गोळ्या झाडल्यानंतर लीगने दोन दिवसांचे सामनेच पुढे ढकलले. तीन वर्षांत एवढा फरक पडला, आणि त्याची सुरुवात करणारा तोवर तिसऱ्या संघात होता.

टँपाचा मंदार

हे मला पटतं. ब्राउनला मुठीमुळे काढलं हे अजूनही मानत नाही, पण मूठ उंचावताना त्याच्या हाताशी डंबाइतकं काही नव्हतं, हे खरं. त्या रात्री मी घरी सामना बघत होतो आणि "खेळ बघायला बसलोय, हे कशाला" असं बोललो होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं ते आठवतंय.

सेंटपॉलकर

मंदार, हे लिहिलंस, बरं वाटलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. दोन हिवाळ्यांपूर्वी, पहाटे पाचची वेळ. आमच्या मुलांना बर्फ मिळतं ते त्याच वेळेला. उणे बावीस तापमान, मुलगा पॅड अर्धे चढवून मागे झोपलेला. एका उपनगरात मागून दिवे लागले. पोलीस तरुण होता, आवाज सभ्य. बॅटरीचा झोत मागच्या सीटवर गेला आणि तिथेच थांबला. गोलीची काठी काळ्या पिशवीत, वरून रुंद. "ते काय आहे?" मी सांगितलं. "हळूच उघडा." मुलगा जागा झाला आणि उठून बसायला लागला, आणि मी मराठीत ओरडलो, "हलू नकोस!" त्या ओरडण्याने पोलीस दोन पावलं मागे सरला. त्याचा हात कमरेला गेला. काही झालं नाही. नंबरप्लेटवर बर्फ साचलंय म्हणाला, पुसून घ्या. बर्फ होतंच. तिथल्या प्रत्येक गाडीवर होतं.

रिंकवर पोचलो तेव्हा मुलाच्या संघातले दोन बाबा त्याच रस्त्याने आले होते, त्याच बर्फाच्या प्लेटा घेऊन. मी काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी मुलाला गाडीचा परवाना मिळेल. मग पहाटे तो एकटाच जाईल.

वसुधाकाकू

सेंटपॉलकर, हे वाचून मुलाला फोन केला. तो म्हणाला त्यांना सांग: दिवे लागले की गाडीतला दिवा आधी लावायचा, काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला. परवाना खिशात ठेवायचा नाही, समोर ठेवायचा. खाली वाकायचं नाही. मराठीत बोलायचं नाही, कुणाशीच. आणि काठीची पिशवी मागच्या सीटवर नको, डिकीत ठेवायला सांग.

हे सांगताना तो मध्येच थांबला. मग म्हणाला, "आई, बाकीच्या मुलांच्या घरी हे कुणी सांगत नसेल ना."

सेंटपॉलकर

काकू, त्याला माझे आभार सांगा. सगळं लिहून घेतलंय, आज रात्री मुलाला गाडीत बसवून करून बघतो.

पण गोलीची काठी आमच्या डिकीत मावत नाही. ती मागच्या सीटवर आडवीच ठेवावी लागते.